बाज, उशी आणि उतारवयातील श्वास

कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर चढताना धाप लागली, तर राजूरमधील कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. उंचावर हवा विरळ होते, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र घरातील बाजेवर नुसते उताणे पडल्यानेही रक्तातील प्राणवायू थोडा उतरू शकतो आणि वयाबरोबर ही उतरण वाढते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. वाचकहो, पावसाळ्यात या डोंगरी भागात झड लागली की वडीलधारी माणसे दिवस दिवस गोधडीत पडून राहतात. म्हणूनच हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या फुफ्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वायुकोशांपर्यंत हवा नेणाऱ्या सर्वांत बारीक नळ्यांना कूर्चेचा आधार नसतो. भोवतालचे लवचीक तंतू त्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवतात. वयाबरोबर हा ताण सैल होतो. मग उच्छ्वासाच्या अखेरीस फुफ्फुसाच्या खालच्या बाजूच्या काही नळ्या मिटतात. गुरुत्वाकर्षणामुळे रक्त मात्र त्याच भागाकडे अधिक वाहते. तेथे ताजी हवा कमी पोहोचल्याने काही रक्त पुरेसा प्राणवायू न घेताच परतते.

आडवे झाल्यावर पोटातील अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि नळ्या अधिक लवकर मिटतात. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, निरोगी माणसाच्या नेहमीच्या श्वासोच्छ्वासातही नळ्या मिटू लागण्याचे सरासरी वय बसलेल्या स्थितीत सुमारे ६५ वर्षे, तर उताण्या स्थितीत अवघे ४४ वर्षे होते.

याचा अर्थ वार्धक्य हा आजार आहे, असा नव्हे. निरोगी ज्येष्ठांत ही घट थोडी असते आणि कार्बन डायऑक्साइडही नीट बाहेर पडतो. मात्र खोकला, ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर हाताशी असलेली शिल्लक तोकडी पडते. अशा वेळी शुश्रूषा करणाऱ्याचा हात मोलाचा ठरतो.

डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर वडीलधाऱ्यांना दिवसातून अनेकदा पाठीला तक्क्याचा आधार देऊन बसवावे. उठवताना घाई नको. आधी कुशीवर वळवावे, मग पाय खाली सोडून थोडा वेळ बसू द्यावे, म्हणजे चक्कर टळेल. बसल्यावर काही सावकाश, खोल श्वास घेण्यास सांगावे. अंथरुणास खिळलेल्यांची कूस वरचेवर बदलावी आणि चुलीचा धूर त्यांच्यापासून दूर ठेवावा.

ऑक्सिमीटर लावायचा असल्यास बोट उबदार असावे, नखावर रंग नसावा. रोजची नोंद एकाच स्थितीत, शक्यतो पाच मिनिटे शांत बसल्यावर घ्यावी. आज झोपून आणि उद्या बसून घेतलेल्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

एक गोष्ट मात्र वयावर ढकलू नका. आडवे होताच दम लागणे, रात्री धापेने जाग येणे, पायांवर सूज येणे किंवा आकडा नेहमीपेक्षा खाली राहणे, यांपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. ओठ निळसर दिसले किंवा बसूनही धाप थांबेना, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

बाहेर पाऊस कोसळत असला, तरी चहाचा कप अंथरुणात देण्याऐवजी ओसरीवर बसवून द्या. तेवढ्याने फुफ्फुसांनाही मोकळीक मिळेल.