बोलक्यांनी शिकावयाची भाषा

दौंड जंक्शनवर गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला की ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते आणि माणसांचा लोंढा पुलाकडे धावू लागतो. ज्याला ऐकू येत नाही त्याने त्या लोंढ्यावरूनच काय तो अंदाज बांधावयाचा. शिरूरच्या एस. टी. स्थानकात, तहसील कचेरीत, बँकेत नाव पुकारले जाते आणि न ऐकणाऱ्याची पाळी निघून जाते. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतील धोक्याचा भोंगासुद्धा कानांसाठीच असतो. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या देशात पन्नास लाखांवर होती. एवढ्या लोकांशी व्यवहार करण्याची भाषा आपल्यापैकी किती जणांना येते?

ओठांवरून बोलणे ओळखावे, हा उपाय वरवर सोपा वाटतो. वाचकांनी आरशासमोर उभे राहून 'मामा' आणि 'बाबा' हे शब्द आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठांची हालचाल एकच दिसेल. तरीही १८८० मध्ये मिलान येथील परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून उच्चारशिक्षणाचा पुरस्कार केला आणि त्या ठरावाची सावली आपल्याकडील मूकबधिर विद्यालयांवरही दीर्घकाळ राहिली. मुले मात्र वर्गाबाहेर हातांनी बोलतच राहिली.

ही हातांची भाषा म्हणजे कशीबशी केलेली हातवाऱ्यांची जुळवाजुळव, असा समज अजूनही सुशिक्षितांत आढळतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ व त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश खुणा परस्परांशी संबंधित आढळल्या. या भारतीय सांकेतिक भाषेत मिशीच्या खुणेने पुरुष आणि नाकाच्या बाजूला, चमकीच्या जागी, बोट टेकवून स्त्री दर्शविली जाते. प्रश्नार्थक खूण शेवटी येते. 'नाव काय', 'किंमत किती' ही रचना मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलीच आहे. 'चहा' ही खूण करताना भुवया उंचावल्या की तो प्रश्न होतो. ही भाषा जागतिकही नाही. ऑस्ट्रेलियातील ऑस्लान ब्रिटिश सांकेतिक भाषेच्या कुळातली. तेथील शासनाने तिला १९८७ मध्ये भाषा म्हणून मान्यता दिली. पण ऑस्लान जाणणाऱ्याला दौंडला पुन्हा शिकावे लागेल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, भाषेचे मोल ती जाणणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते. आज संपर्काचा सारा खर्च बधिर व्यक्ती एकटी सोसते. सोबत भावाला न्यावे लागते, त्याचा रोज बुडतो, आणि स्वतःचे दुखणे डॉक्टरला दुसऱ्याच्या तोंडून सांगावे लागते. याउलट पाणी, पैसे, सही, कागद, थांबा, उद्या, किती, कोठे दुखते, अशा शंभरएक खुणा शिकण्यास कारकुनाला किंवा वाहकाला पडणारे श्रम थोडेच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा दृश्य कोश काढला. २०२१ मध्ये तो दहा हजारांवर गेला. तो विनामूल्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संपर्काच्या साधनांत सांकेतिक भाषेचा समावेशही केला आहे.

शंभर खुणा म्हणजे भाषा नव्हे, हे खरेच. न्यायालयात वा शस्त्रक्रियेपूर्वी दुभाषीच हवा, आणि 'आमच्या कर्मचाऱ्यांना खुणा येतात' ही त्याला नकार देण्याची सबब होता कामा नये. शिवाय पडद्यावर पाहून हात वळतो, चेहरा वळत नाही; त्यासाठी समोर शिक्षक लागतो. तो शिक्षक बधिर असावा आणि त्याला रीतसर मानधन मिळावे. बधिरांच्या भाषेवरची कमाई ऐकणाऱ्यांनीच करावी, हा प्रकार मला विपरीत वाटतो.

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांपुरता पंधरा दिवसांचा वर्ग मे महिन्यात सहज भरविता येईल. तलाठी, वाहक, परिचारिका, प्राथमिक शिक्षक आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे ते आईबाप, एवढ्यांनी आरंभ व्हावा. खर्च काय तो शिक्षकाच्या मानधनाचा. महाविद्यालयांच्या खोल्या त्या महिन्यात रिकाम्याच असतात.