कासच्या फुलांचे मुद्दल

साताऱ्याहून पश्चिमेकडे यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर सुमारे 25 किलोमीटरवर कासचे पठार लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवरचा हा माळ उन्हाळ्यात उजाड भासतो. काळवंडलेला जांभा दगड, वाळलेले गवत आणि अखंड वाहणारा वारा एवढेच तेथे असते. श्रावण सरत येतो आणि त्याच माळावर रंगांचे थर चढू लागतात. भाद्रपद-आश्विनात तेरड्याचा गुलाबी-जांभळा, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग एकमेकांशेजारी पसरतो. सपुष्प वनस्पतींच्या 850 हून अधिक जाती येथे आढळतात. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत कास आहे.

या वैभवाचे मूळ दारिद्र्यात आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा आहे. मोठ्या वृक्षाला येथे मूळ रोवता येत नाही. पावसाचे पाणी कातळावर थबकते, तेवढ्या ओलाव्यावर लहान रोपटी उगवतात, फुलतात आणि बी टाकून सुकून जातात. मातीत नत्र इतका कमी की काही वनस्पतींनी निराळी वाट धरली आहे. नाजूक दिसणारी सीतेची आसवे आणि पानांवर चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदाच बहरते. साताऱ्याचे नाव आपल्या शास्त्रीय नावात धारण करणारा वायतुराही याच भागातला. त्याचा दुभंगलेला तुरा पाणथळ जागी डोलताना दिसतो.

जुन्या राजमार्गाने आत चालत गेले की कुमुदिनी तलाव येतो. हृदयाच्या आकाराची पाने पाण्यावर पसरलेली असतात आणि त्यांच्यामधून पांढरी, झालरदार पाकळ्यांची, मध्यभागी पिवळी अशी इवली फुले वर येतात. एक फूल एकच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी त्याची जागा नवी कळी घेते. सकाळच्या वेळी सारा तलाव या फुलांनी भरलेला दिसतो.

मोठा कास तलाव याहून निराळा. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या या तलावाचे पाणी उताराच्या बळावर साताऱ्यात उतरते आणि शहराच्या एका भागाची तहान भागवते. तलावाकाठी टाकलेला कचरा पावसाबरोबर याच पाण्यात जातो, याचे भान सहलीस येणाऱ्यास असावे.

व्यापारी घरांना मुद्दल आणि व्याज यांतील भेद सांगावा लागत नाही. कासच्या फुलांकडे त्याच दृष्टीने पाहता येते. डोळ्यांना मिळणारा आनंद हे व्याज आहे आणि मातीत पडणारे बी हे मुद्दल. तेरड्याचा रंग तीन दिवसांचा म्हणतात. तथापि रंग उतरल्यावरच त्याची बोंडे पिकतात आणि स्पर्श होताच फुटून बी दूर उधळतात. छायाचित्रासाठी ताटव्यात पाय टाकला, तर चिरडते ते आजचे फूल आणि त्याबरोबर पुढच्या वर्षीचे रोपही. पावलांनी दबलेला मातीचा पातळ थर पुन्हा साचण्यास फार मोठा काळ लागतो.

रक्षणाचा मार्गही सोपा नाही. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून मध्यंतरी पठारावर कुंपण घालण्यात आले. चराई थांबल्याने गवत माजते आणि लहान रोपे झाकोळतात, असा आक्षेप पुढे आला व कालांतराने ते कुंपण काढण्यात आले. आता वनखाते आणि परिसरातील गावांची समिती हंगामात पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवते, प्रवेशशुल्क घेते आणि ठरलेल्या वाटांनीच चालण्यास सांगते. कुंपण गेल्यावर उरलेली मर्यादा पाहुण्याने स्वतःच पाळायची आहे.

फुलांचा हा काळ चातुर्मासात येतो. ओल्या भूमीवर हरितकाय आणि सूक्ष्म जीव दाटतात म्हणूनच साधु-साध्वी या महिन्यांत विहार थांबवून एका स्थानी राहतात. गृहस्थाला तेवढा नियम नसला, तरी पाऊल पाहून टाकण्याचा संस्कार त्याच्याही घरात आहे. कासवर त्याची कसोटी लागते.

जाणाऱ्यांनी सप्टेंबर व ऑक्टोबरचा आरंभ निवडावा आणि प्रवेशाची नोंदणी आधी करावी. रविवारी पठारावर मोठी गर्दी असते. ज्या पेठेची साप्ताहिक सुट्टी अन्य वारी असते, त्यांनी तो दिवस साधावा. सकाळी लवकर पोहोचावे, छत्री व पाणी जवळ ठेवावे, डब्याचा कागद परत घरी आणावा. मुलांना फूल तोडून देण्याऐवजी गुडघे टेकून, वाटेवरूनच, जवळून पाहण्यास शिकवावे. पठारावरची कित्येक फुले इतकी लहान आहेत की वाकल्याशिवाय ती दिसतच नाहीत.