ट्रॅक्टर तापतोय? आधी पाणी कुठे जाते ते बघा

ऐन मळणीत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर काम लगेच थांबवा. रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका. आतले पाणी दाबाखाली 100 अंशांच्याही वर तापलेले असू शकते. झाकण सुटताच ते उसळून तोंड-हात भाजतात. इंजिन पूर्ण निवू द्या. तापल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

पाणी कमी झाले असेल तर गळती शोधा. रात्री ट्रॅक्टरखाली कोरडा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग दिसला, तर त्याच्या वरच्या बाजूला रेडिएटर, त्याची तोटी आणि होज पाईपच्या क्लिपा तपासा. पंख्यामागून थेंब पडत असतील तर वॉटर पंपाचे सील गेले असावे. पुठ्ठा कोरडा, तरी पाणी रोज घटते? मग डिपस्टिक काढा. तेल दुधाळ दिसले, किंवा थंड इंजिन झाकण काढून चालू केल्यावर रेडिएटरात सारखे बुडबुडे आले, तर हेड गॅसकेटची शंका धरा. असे इंजिन चालवू नका, मिस्त्रीला दाखवा.

पाणी पुरेसे असूनही तापत असेल, तर इंजिन बंद करून जाळीत अडकलेले भुसकट काढा, पंख्याचा ढिला पट्टा ताणून घ्या. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर बसतो. म्हणून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच भरा.

रोज सकाळी दोन मिनिटे पाणी, तेल आणि पट्टा बघा. हंगामातला खोळंबा टळेल.