विपश्यना आणि वेदना

ध्यानाने आजार बरा होतो काय, असे रुग्णांचे नातेवाईक आम्हांस वारंवार विचारतात. १९५५ साली ब्रह्मदेशातील उद्योजक सत्यनारायण गोयंका असह्य अर्धशिशी घेऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. मॉर्फिनवाचून त्यांना उतार पडत नसे. केवळ डोकेदुखीसाठी साधना शिकविण्यास गुरूंनी नकार दिला. (हे गुरू त्या देशाचे महालेखापाल होते, याचे आम्हां हिशेबनिसांस विशेष अप्रूप!) हेतू मनःशुद्धीचा ठरल्यावरच प्रवेश मिळाला; डोकेदुखीही पुढे गेली. श्वास व शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहणे, हे या साधनेचे स्वरूप. इगतपुरीस ती दहा दिवसांच्या शिबिरांत शिकविली जाते. तिने वेदनेची धास्ती ओसरू शकते. कर्करोग वा जंतुसंसर्ग नव्हे. ध्यानास बसणाऱ्यांनी औषधे परस्पर बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती.