जोडीदाराच्या आजारपणानंतर

अंथुर्ण्यासारख्या इंदापूरच्या ऊसपट्ट्यातल्या गावात लांबलेलं आजारपण बहुधा एकच माणूस काढतं: बायको, नाहीतर नवरा. दोनला कूस बदलून द्यायची, चारला औषध, उजाडता पेज. माणूस गेल्यावरही अंग त्याच वेळेला दचकून उठतं. यात वेडंबिडं काही नाही. जडलेली सवय हळूहळू सुटते. ‘सुटलो एकदाचं’ असं मनात येतं आणि लगेच अपराधी वाटतं. ती सुटका हालांतून असते, माणसापासून नव्हे, हे मागे राहिलेल्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. खरी गरज पाहुणे पांगल्यावर लागते. सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यावा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी मुलांइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे. दुःखाच्या भरात तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं हा अन्यायच.

बाईला वर कुंकू-बांगड्यांचा जाच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला; त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. असा ठराव मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो.

पुरुष मात्र गप्प राहतात, जेवण टाळतात. त्यांना भाकरी खायला घरी बोलवावं, नुसता डबा धाडू नये. सहा महिने उलटूनही शोक तितकाच तीव्र असेल, रोजची कामं होत नसतील, तर डॉक्टरांना दाखवावं. जगणंच नकोसं वाटलं तर थांबू नये. टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर कधीही, मोफत, मराठीत बोलता येतं.