विश्लेषण : पॅरिसमध्ये भिंतीवर एसी लावायला परवानगी का मिळत नाही? मग घर थंड कसे ठेवायचे?

पॅरिसमध्ये २५ जुलै २०१९ रोजी ४२.६ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. हा त्या शहराचा विक्रम. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या वाचकाला हा आकडा मे महिन्यातला साधा दिवस वाटेल. पण विदर्भात घरोघरी कूलर असतो आणि छताला पंखा तर असतोच. पॅरिसच्या बहुतेक घरांत पंख्याचा हूकही नसतो. ही घरे हिवाळ्यात उष्णता आत धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. खिशात एसीचे पैसे असले, तरी त्याचे बाहेरचे युनिट लावायचे कुठे, या प्रश्नावर गाडी अडते.

परवानगी कोण देते, कोण अडवते?

जुन्या पॅरिसचा चेहरा एकसारखा आहे. दगडी दर्शनी भिंती, लोखंडी कठडे आणि वर जस्ताच्या पत्र्याचे करडे छप्पर. हा चेहरा बिघडू नये म्हणून दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार सोसायटीचे. १० जुलै १९६५ च्या सहमालकी कायद्यानुसार इमारतीच्या बाह्यरूपात बदल करायचा, तर सर्वसाधारण सभेत सर्व सहमालकांच्या मतांचे बहुमत लागते. म्हणजे सभेला न आलेल्यांची मतेही हिशेबात धरली जातात. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या सभांची हजेरी आठवली, की हे किती अवघड आहे ते कळेल. दुसरे दार पालिकेचे. तिथे कामाची पूर्वसूचना द्यावी लागते आणि ऐतिहासिक वास्तूच्या ५०० मीटर परिसरात घर असेल तर सरकारी वारसा वास्तुविशारदाची संमतीही लागते. मध्य पॅरिसमध्ये अशा वास्तू पावलोपावली आहेत. रस्त्याऐवजी मागच्या चौकात युनिट लावावे, तर आवाजाची तक्रार येते. भाडेकरूंना तर आधी घरमालकाला राजी करावे लागते.

झळ सर्वाधिक कोणाला?

जस्ताच्या छपराखाली राहणाऱ्यांना. पूर्वी घरकामाच्या बायकांसाठी सहाव्या-सातव्या मजल्यावर लहान खोल्या काढत. आज त्यांत विद्यार्थी, स्थलांतरित आणि कमी उत्पन्नाचे लोक राहतात. भाड्याने देण्यासाठी खोली किमान ९ चौरस मीटर असावी लागते, म्हणजे जेमतेम ९७ चौरस फूट. पत्र्याच्या घरात उन्हाळा काढलेल्याला ही खोली दुपारी चारला कशी असते हे सांगायला नको. हे छप्पर घालणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. त्याच छपराखाली माणसे भाजून निघतात, ही विसंगती तिथल्या चर्चेत वारंवार येते.

ऑगस्ट २००३ च्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जादा मृत्यू झाले. बहुतेक मृत वृद्ध होते, अनेक एकटे राहणारे. छपराच्या थेट खाली झोपणाऱ्यांना धोका जास्त होता, हे नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यानंतर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि अपंगांची नोंदवही पालिकांनी ठेवावी, लाट आली की त्यांची विचारपूस करावी, अशी व्यवस्था कायद्याने आली.

चाकावरचा पोर्टेबल एसी का पुरत नाही?

परवानगी नको म्हणून बहुतेकांची धाव याच यंत्राकडे जाते. आता हिशेब पाहा. एसी थंडी ‘तयार’ करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. यंत्राने खोलीतून २.५ किलोवॉट उष्णता काढली आणि त्यासाठी १ किलोवॉट वीज खाल्ली, तर ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर जायलाच हवी. स्प्लिट एसीत हे काम बाहेरचे युनिट करते. पोर्टेबलमध्ये सगळे यंत्र खोलीतच असते आणि गरम हवा एका जाड नळीतून खिडकीबाहेर सोडली जाते. नळी बाहेर काढलीच नाही, तर खोली थंड होण्याऐवजी तापते.

खरी गोम पुढे आहे. ही बाहेर जाणारी हवा खोलीतलीच असते, ताशी ३०० घनमीटरच्या आसपास. छपराखालच्या त्या लहान खोलीत एकूण हवा साधारण २२ घनमीटर. म्हणजे तासाभरात खोलीतली हवा तेरा-चौदा वेळा बदलते आणि जितकी बाहेर जाते तितकीच गरम हवा दाराच्या फटीतून, जिन्यातून आत ओढली जाते. त्यात फ्रेंच खिडक्या दोन झडपांच्या आणि आत उघडणाऱ्या. नळीभोवतीची फट बुजवायला चेन लावलेला कापडी पडदा चिकटवतात, तोही हवा पूर्ण अडवत नाही. दोन नळ्यांचे यंत्र बरे, कारण ते उष्णता फेकण्यासाठी हवा बाहेरूनच घेते. भिंतीला सुमारे १६ सेंटीमीटर व्यासाची दोन भोके पाडून बसणारे, बाहेरचे युनिट नसलेले एसीही मिळतात. ते त्याहून चांगले, पण दर्शनी भिंतीला भोक म्हटले की पुन्हा परवानगीचा फेरा.

याचा अनुभव २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये जगाने घेतला. क्रीडाग्रामात एसी न बसवता जमिनीखालच्या नळ्यांतून थंड पाणी फिरवण्याची योजना होती. आयोजकांची भूमिका पर्यावरणाची होती, खेळाडूंना मात्र झोप हवी होती. अनेक देशांनी पोर्टेबल एसी मागवले. भारताच्या क्रीडा मंत्रालयानेही ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्या खेळाडूंसाठी असे ४० एसी पुरवले.

एसीशिवाय काय करता येते?

सर्वात परिणामकारक उपाय सर्वात जुना आहे, खिडकीच्या बाहेरची लाकडी झडप. ऊन काचेतून आत आले की उष्णता अडकलीच, मग आतला पडदा कितीही जाड असो. झडप ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. दिवसा सगळे बंद, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळे उघडे, हा तिथला नियम. पण लाटेच्या रात्री पॅरिस आसपासच्या खेड्यांपेक्षा ८ अंशांपर्यंत गरम राहू शकते, तेव्हा हाही उपाय लंगडा पडतो. पंखा उपयोगी खरा, मात्र ४० अंशांच्या पुढे तो वापरू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्या तापमानाला अंगावर येणारी हवा शरीर आणखी तापवते.

कूलरचे काय? ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या जाळीतून येणारी हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तीच हवा २९ च्या खाली जात नाही. म्हणजे नागपूरचा कूलर कोरड्या लाटेतल्या पॅरिसला चालेल, दादरला नाही. फक्त खिडकी उघडी ठेवावी लागेल, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो.

सर्वांना एसी दिले तर?

जून २०२५ च्या अखेरीस लाट आली तेव्हा मरीन ल पेन यांनी देशभर एसी बसवण्याच्या मोठ्या योजनेची मागणी केली. विरोधकांचा मुद्दा केवळ सौंदर्याचा नाही. प्रत्येक एसी आपली उष्णता रस्त्यावर टाकतो. पॅरिससाठी केलेल्या संगणकीय अभ्यासात, एसी वाढले तर रस्त्यावरचे रात्रीचे तापमान २ अंशांपर्यंत चढू शकते, असे दिसले. ज्याच्याकडे एसी नाही त्याला तो चढलेला पाराही सोसावा लागेल.

शहराचा पर्याय जमिनीखाली आहे. सेन नदीच्या पाण्याची मदत घेऊन केंद्रांमध्ये पाणी थंड करायचे आणि नळांतून इमारतींना पोहोचवायचे. लूव्र संग्रहालय याच जाळ्यावर थंड राहते. गुजरातच्या गिफ्ट सिटीतही केंद्रीय शीतकरणाची यंत्रणा आहे. पॅरिसचे जाळे २०४२ पर्यंत २५२ किलोमीटरवर नेण्याचा करार झाला असून रुग्णालये, पाळणाघरे व वृद्धाश्रम जोडण्यावर भर आहे. जुन्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरची भाड्याची खोली त्या यादीत नाही.