मराठी टंकलेखनासाठी ‘जेक्वेरी डॉट आयएमई’ : एका हलक्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा परिचय

धायरीला लागून असलेल्या गावाचे नाव ‘नऱ्हे’ असे लिहिले जाते. ते ‘नर्हे’ असे उमटले तर मराठी वाचकाला खटकते. संगणकाच्या दृष्टीने मात्र हे दोन भिन्न शब्द असून अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधात एकावरून दुसरा सापडत नाही. प्रवेशअर्ज, ग्रंथसूची, संकेतस्थळ अशा ठिकाणी मराठी मजकूर संगणकात कसा शिरतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ सोयीचा नाही. प्रस्तुत लेखात त्यावरील एका उपायाचे विवेचन केले आहे.

भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था आणि ‘श्री-लिपी’ तयार करणारी मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनी, दोन्ही येथल्याच. परंतु अशी साधने प्रत्येक संगणकावर स्थापित करावी लागत, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला तशी मुभा बहुधा नसते. कळफलक वेबपानाबरोबरच यावा, ही गरज त्यातूनच निर्माण झाली.

विकिपीडियावर प्रथम ‘नारायम्’ या साधनाने ती भागवली. ताडपत्रावर लिहिण्याच्या लेखणीला मल्याळममध्ये हा शब्द आहे. नाव समर्पकच म्हणावे लागेल. तथापि ते विकीच्या प्रणालीशी जखडलेले होते. विकिमीडिया फाउंडेशनच्या भाषा-अभियांत्रिकी गटाने २०१२ मध्ये तेच कार्य स्वतंत्र लायब्ररीच्या रूपात आणले. तिचा आधार जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये सादर केलेली, संकुचित स्वरूपात सुमारे ३० किलोबाइट भरणारी जेक्वेरी हा होय. त्यामुळे ती कोणत्याही वेबपानावरील मजकूर-चौकटीस जोडता येते.

तिची कार्यपद्धती साधी आहे. कळ दाबताच लायब्ररी कर्सरच्या डावीकडील मोजकी अक्षरे नव्या कळीच्या अक्षरासह एका नियम-तक्त्याशी ताडून पाहते. जो नियम प्रथम जुळेल त्यानुसार ती अक्षरे बदलली जातात. लिप्यंतर पद्धतीत रोमन ‘के’ दाबल्यास ‘क्’ उमटतो. पाठोपाठ ‘ए’ दाबल्यास हलन्त चिन्ह गळून ‘क’ उरतो. यात शब्दकोश नाही, व्याकरण नाही, अंदाजही नाही. भाषेचे सारे ज्ञान तक्त्यात असते, आणि निवडलेल्या पद्धतीचा तक्ताच तेवढा मागवला जातो. लायब्ररीचा हलकेपणा मुख्यतः येथून येतो.

मात्र मराठीच्या खऱ्या अडचणीही या तक्त्यातच दडलेल्या आहेत. इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘नऱ्हे’ लिहिण्यासाठी व्ही, शिफ्टसह जे, डी, यू आणि एस या कळा दाबाव्या लागतात. शिफ्ट राहून गेली की ‘ऱ’ऐवजी ‘र’ येतो आणि रफार तयार होतो. लिप्यंतर पद्धतीत तर ‘ऱ’साठी निराळा संकेत तक्त्यात नमूद असावा लागतो; तो नसेल, किंवा लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल, तर रफार अटळच. ‘ॲ’ची कथा अधिक गुंतागुंतीची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवले जाई. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. साहजिकच जुन्या नोंदी नव्या शोधातून निसटतात.

ही लायब्ररी जीपीएल व एमआयटी या मुक्त परवान्यांखाली उपलब्ध आहे. नियम-तक्ता म्हणजे ‘हे आल्यास ते लिही’ अशा ओळींची यादी असल्याने तो तपासण्यास आज्ञावलीकाराइतकाच, किंबहुना अधिक, मराठीचा अध्यापक उपयोगी पडू शकतो. अशी तपासणी संगणकशास्त्र विभागाकडेच सोपवली जाते, हे अनाकलनीय आहे. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत साठवलेल्या मजकुराला मात्र या लायब्ररीचा उपयोग नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर वेगळ्या साधनाने करावे लागते, आणि रूपांतरानंतर ‘ऱ’ व ‘ॲ’ पुन्हा डोळ्यांनी तपासावे लागतात.